गाडी कंपनीची, घोर घरचा

लग्नाचा हंगाम आला की आमच्या वाशीम भागात स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. वावर किती, घर कुणाच्या नावावर, मुलगा कुठे असतो, पगार किती. हे प्रश्न जुनेच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात एका वाक्याची भर पडली आहे. ‘मुलगा पुण्याला आहे, अन् कंपनीने गाडी दिली आहे.’ हे ऐकलं की बैठकीतली चार मोठी माणसं मान डोलावतात, आतल्या खोलीत बायकाही खूश होतात. गाडीचा रंग कोणता, हेही कुणीतरी विचारतं. पण गाडी कुणाच्या नावावर आहे, तिचे पैसे कुठून जातात आणि नोकरी सुटली तर तिचं काय होतं, हे विचारणारं कुणी भेटत नाही. वावराचा सातबारा दहादा पाहणारी आपण माणसं गाडीच्या कागदाबद्दल मात्र गप्प बसतो.

मैत्रिणींनो, ‘कंपनीने दिली’ या शब्दांतच खरी गोम आहे. पुष्कळ ठिकाणी कंपनी गाडी विकत घेऊन देत नाही. गाड्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेकडून ती तीन-चार वर्षांसाठी गाडी घेते आणि तिचं महिन्याचं भाडं त्याच मुलाच्या ठरलेल्या वार्षिक पॅकेजमधून कापून घेते. म्हणजे दिली कंपनीने, पण फेडतो आपलाच मुलगा! मग लोक असं का करतात? तर कर वाचतो म्हणून. भाडं कर लागण्याआधीच कापलं जातं. जुन्या आयकर नियमांत तर ऑफिस आणि घर अशा दोन्ही कामांना वापरायच्या, कंपनीच खर्च करते अशा १६०० सीसीपर्यंतच्या गाडीची सवलत कित्येक वर्षं महिन्याला अवघी १८०० रुपयांची धरत, ड्रायव्हर दिला तर वर ९०० रुपये. आता २०२५ चा नवा आयकर कायदा झाला आहे, म्हणून सध्याचे आकडे जाणकाराकडून विचारून घेतलेले बरे. पण मोठ्या पगाराच्या माणसाचा यात फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या फायद्याची दुसरी बाजू घरातल्या बाईला दिसते. दरमहा हातात येणारा पगार कमी होतो, आणि घरासाठी कर्ज घ्यायला गेलं की बँक हातात येणारा पगारच पाहते. गाडी कोणती घ्यायची, ती कुणी चालवायची, गावाकडे न्यायची की नाही, हेही कंपनीच्या नियमाने ठरतं. काही ठिकाणी नोकरदार आणि त्याची बायको सोडून तिसऱ्याने गाडी चालवलेली चालत नाही. म्हणजे दिवाळीला गाडी दारात उभी आहे, पण सासऱ्यांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला दिराने हात लावायचा नाही.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक पुण्याला असते. २०२० साली लॉकडाऊनमध्ये जावयाची नोकरी गेली. लेकीचे दिवस भरत आले होते. त्याच आठवड्यात गाडीची चावी जमा करा असा निरोप आला. वर करार मुदतीआधी मोडला म्हणून शेवटच्या पगारातून रक्कमही कापली गेली. पगार, गाडी, दवाखान्यात जायची सोय, सगळं एका कागदाने गेलं. यात कुणी लबाडी केली नव्हती. सगळं करारात लिहिलेलं होतं. फक्त तो करार घरात कुणी वाचलेला नव्हता. ताई मला म्हणाल्या, “आम्हाले तं वाटे, गाडी त्याहिचीच हाये.”

आता एक दुसरी वाट निघाली आहे. कंपनीला मध्ये न घेता स्वतःच्या नावाने गाडी किरायाने घ्यायची. मारुती सुझुकीने २०२० मध्ये अशी योजना सुरू केली, त्याच वर्षी ती पुण्यातही आली. महिंद्रा फायनान्सने २०२१ मध्ये ‘क्विकलीझ’ नावाने हेच काम सुरू केलं. अशी सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे, पण आपली मुलं तिथेच असल्यामुळे हा विषय आपल्याही घरात येणारच. यात महिन्याच्या भाड्यातच बहुधा विमा, नोंदणी, सर्व्हिसिंग येतं. पेट्रोल आपलं. मुदत संपली की गाडी परत.

हे समजून घ्यायला आपल्याला इंग्रजीची गरज नाही. आपल्याकडे वावर मक्त्याने देतात-घेतात, तसंच हे. मक्त्याची रक्कम ठरली की ती द्यायची, पीक आपलं, वावर मालकाचं. मक्ता करताना आपण विचारतो की विहिरीचं पाणी कुणाचं, बांधावरचा आंबा कुणाचा, पीक बुडालं तर काय. गाडीच्या मक्त्यातही बांधावरचे आंबे असतातच! त्यातला सगळ्यात मोठा आंबा म्हणजे किलोमीटर. महिन्याला किंवा वर्षाला किती किलोमीटर गाडी चालवायची, हे ठरलेलं असतं. त्यावर गेलं की दर किलोमीटरला जादा पैसे. वाशीम ते पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर. एक दिवाळीची वारी म्हणजे जाऊन-येऊन नऊशे. समजा महिन्याची मर्यादा हजाराची असेल, तर एका वारीतच महिना संपला. आपला समृद्धी महामार्ग मालेगाव, कारंजा भागातून जातो, २०२५ च्या जूनमध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. रस्ता झाल्यापासून मुलं गाडी घेऊन यायला लागली, याचा आनंदच आहे. पण ज्याचे आई-वडील गावाकडे आहेत, त्याने मर्यादा मोठी असलेलाच करार करावा.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. गाडी दुसऱ्याच्या मालकीची म्हणून अपघात झाला तर तोच पाहून घेईल, असं समजू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतच असं आहे की गाडी भाडेपट्ट्यावर असेल तर त्या कराराने जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती मालक समजायची. म्हणून विमा चालू आहे की नाही, हे दरवर्षी आपण स्वतः पाहायचं.

तिसरी गोष्ट आपल्या गावची. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी महिन्याच्या बोलीने घ्यायची, अशी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ना कागद, ना पावती. पांढरी पाटी म्हणजे घरगुती वापराची गाडी. भाड्याच्या टॅक्सीला पिवळी पाटी लागते, स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीला काळी. परवान्याशिवाय गाडी भाड्याने चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांचा आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येते, ती वेगळीच. चार पैसे वाचवायला जाऊन घर धोक्यात घालू नये.

मग कंपनीची गाडी बरी की स्वतः किरायाने घेतलेली? काही जण म्हणतील, नोकरी गेली तर कंपनीची गाडी निदान परत करता येते, स्वतःच्या कराराचं भाडं मात्र पगार नसतानाही सुरूच राहतं. हे खरं आहे. मुदतीआधी करार मोडला तर दंड तिथेही लागतो. तरीही माझं मत स्वतःच्या नावाच्या बाजूने आहे. कंपनीच्या गाडीत अटी दोन कंपन्या आपसात ठरवतात, आपण खाली सही करतो. स्वतःच्या करारात लहान गाडी निवडता येते, कमी मुदत घेता येते, मोडण्याचा दंड आधी विचारता येतो, न पटलं तर उठून जाता येतं. नोकरी बदलली तरी गाडी दारातून हलत नाही. पोट आणि पाय एकाच खुंटीला टांगून ठेवायचे नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांना गाडी सात-आठ वर्षं वापरायची आहे, त्यांनी मात्र विकत घेण्याचा हिशेब करूनच पाहावा. समजा आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो, एकूण परतफेड दहा लाखांच्या आत. विमा-दुरुस्तीचा खर्च वेगळा, पण शेवटी गाडी आपली. तेच महिना वीस हजार भाडं पाच वर्षं भरलं, तर बारा लाख होतात आणि दारात काही उरत नाही. दोन-तीन वर्षांसाठी किराया ठीक, जन्माचा किराया परवडत नाही.

शेवटी आपल्या वाट्याचं काम. गाडी कुठल्याही मार्गाने येवो, घरातल्या बाईने पाच गोष्टी विचारल्याच पाहिजेत. आरसी बुकावर नाव कुणाचं? महिन्याला एकूण किती जातात? मर्यादा किती किलोमीटरची? नोकरी गेली, किंवा देव न करो, घरचा माणूसच गेला, तर गाडीचं अन् उरलेल्या भाड्याचं काय? आणि मला ती चालवायची परवानगी आहे का? ‘तुला काय समजतं त्यातलं’ असं कुणी म्हटलं, तर बचत गटाचं कर्ज अन् व्याज तोंडी सांगणाऱ्या बायका आपण आहोत, हे त्यांना आठवण करून द्या. करार मराठीत समजावून मागा, त्याची एक प्रत घरच्या कपाटात ठेवा.

आणि पाचव्या प्रश्नासाठी आधी लायसन्स काढा. एरवी गाडी कंपनीची असो की किरायाची, आपण आपल्या मागच्याच सीटवर!