बुणग्यांशिवाय लढाई

पानिपतचा विषय निघाला की बाजारबुणग्यांना दोन शिव्या घातल्याशिवाय आपल्याकडे चर्चा पुरी होत नाही. लढणाऱ्यांच्या पाठीवर यात्रेकरू, व्यापारी, बायकामुले आणि जनावरे यांचे ओझे होते म्हणून घात झाला, हे शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण तीच लढाई कुणी टेबलावर मांडायला घेतली, बोटभर उंचीचे सैनिक रंगवून, फासे आणि मोजपट्टी घेऊन, की बुणगे एकदम गायब होतात. उरतात घोडेस्वार, बंदूकवाले आणि तोफा. कंपनी सरकारच्या काळातले लघुसैनिक जमवण्याच्या, रंगवण्याच्या आणि त्यांच्या लढाया खेळण्याच्या छंदावर माझा आक्षेप आहे तो एवढाच. न्हावा शेवाच्या अंगणातून गेलेल्या एका फौजेवरून तो तपासून पाहता येतो.

1778 च्या नोव्हेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्यात नेऊन बसवायला निघाली. न्हाव्याच्या बाजूने खाडीत शिरून ती पनवेलला उतरली आणि बोरघाटाकडे वळली. माणसे साधारण 3900. त्यांत गोरे सहाशेच्या आसपास, बाकीचे बहुतेक देशी शिपाई. सामान वाहायला बैल किती? मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ 19 हजारांचा आकडा देतो. पनवेल ते तळेगाव हे अंतर आजच्या रस्त्याने ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर. फौज तळेगावला पोचली 9 जानेवारी 1779 ला, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनी. वाटेत कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी ज्याला कौतुकाने इष्टुर फाकडा म्हटले, तोच हा. तळेगाव ओस पडलेले, चारा जाळून टाकलेला, आणि महादजी शिंद्यांची घोडदळे इंग्रजांना हवी तशी समोरासमोर लढाई काही देईनात. 11 तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि तहावर सही करून कशीबशी सुटली.

आता ही मोहीम टेबलावर आणू. प्रचलित माप 28 मिलिमीटरचे. एक मूर्ती म्हणजे 50 माणसे असे प्रमाण धरले, तर अख्खी इंग्रज फौज 78 मूर्तींत आटोपते. हौशी माणूस तेवढ्या एका पावसाळ्यात रंगवून काढील. आधी प्रायमर, मग लाल डगला, त्यावर छातीवरचे पांढरे आडवे-तिडवे पट्टे, वरून पातळ तपकिरी वॉश म्हणजे चुण्यांत सावली साचते, आणि शेवटी कोरड्या ब्रशने उठाव. डोळे मात्र परीक्षा पाहतात. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हातसुद्धा इथे थबकेल, कारण अख्खे तोंड ज्वारीच्या दाण्याएवढे असते. इतके झाले की खेळाडू फौज तयार झाली असे मानतो. पण त्याच प्रमाणात बैल लागतात 380. एक बैल पाच सेंटिमीटरचा धरून दोन-दोनच्या जोड्या एकीला एक चिकटवून लावल्या, तरी रांग साडेनऊ मीटर होते आणि टेबल असते सहा फुटांचे. खऱ्या रस्त्याचा हिशेब याहून बोलका आहे. सगळे बैल एकदम हलले आणि प्रत्येक जोडीला तीन मीटर जागा दिली, तर तांडा 28 किलोमीटरच्या वर जातो. पुढची जोडी तळेगावात शिरताना शेवटची लोणावळ्याच्या आसपास रेंगाळत असणार. सहा आठवडे का लागले, हे समजायला यापुढे वेगळे पुस्तक वाचायची गरज नाही.

यावर खेळाडूंचे म्हणणे असे, की खेळ हा खेळ आहे, त्यात रंगत हवी. चारा मोजायला कोण बसणार? म्हणणे अगदीच पोकळ नाही. 1913 मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून हा छंद घराघरांत नेला, तेव्हा त्या खेळाचा जीव स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतच होता. पण रंगत निर्णयात असते, आणि वडगावच्या मोहिमेतले सगळे अवघड निर्णय शेपटीबद्दलचे होते: किती सामान घ्यायचे, ते राखायला किती पलटणी मागे ठेवायच्या, कुठे टाकून द्यायचे. रोज बंदराची कामे पाहणाऱ्या न्हावा शेवाच्या वाचकाला हे समजावायला नको. जहाज धक्क्याला लागले म्हणजे माल पोचला असे होत नाही. खरी कटकट त्यानंतर, आणि त्याच घाटात, सुरू होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो इतिहासाच्या अभ्यासकांचा. ते म्हणतील, फौज उपाशी नव्हती. माघार ठरली तेव्हा दोन-अडीच आठवड्यांचा शिधा शिल्लक होता. घात केला तो आजारी कर्नल एगर्टनने, त्याच्याशी भांडणाऱ्या कार्नॅकने आणि मोहीम चालवणाऱ्या, कच खाल्लेल्या समितीने. शिध्याची गोष्ट मान्य. बैलांमुळे फौज उपाशी मेली, असा माझा दावाच नाही. बैल म्हणजे वजन. पुढे जाताना त्या वजनाने वेग घालवला आणि महादजींना जमवाजमव करायला वेळ दिला. रात्री मागे फिरताना त्याच वजनाने रस्ता अडवला आणि पिछाडी सांभाळणाऱ्या हार्टलीच्या शिपायांवर सगळा मार आला. सेनापतींची भांडणे फाशांवर सोडता येतात, एखादे पान उलटून ‘आज हुकूम आला नाही’ असे ठरवता येते. वजन मात्र टेबलावर दिसावेच लागते, नाहीतर महादजींची चाल म्हणजे नुसती पळापळ वाटते. परदेशी नियमपुस्तकांतली मराठा फौज मला पटत नाही ती इथेच. शत्रूची रसद तोडणे हे तिचे मुख्य हत्यार, आणि तोडायला टेबलावर रसदच नाही!

लाल डगल्यांचे कौतुक म्हणजे साम्राज्याचे कौतुक, असेही कुणी म्हणेल. त्या डगल्यात बहुतेक आपल्याच मुलखातली माणसे होती आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांना रंगवण्यात मला काही गैर दिसत नाही. त्यांच्यामागून गोण्या लादलेले बैल हाकणाऱ्यांना तर रंगसुद्धा मिळत नाही, हे गैर आहे.

राहता राहिला खर्च. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर गेले. अशा भावात परदेशी सैनिक घेणारा माणूस बैलांवर पैसे घालवणार नाही, हे उघड आहे. पण बेंदराला आणि पोळ्याला मातीचे बैल आपल्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि दिवाळीला घरोघर किल्ले उभे राहतातच. बैल मावळ्यापेक्षा मोठा दिसेल, दिसू द्या. मापाचा कीस काढणाऱ्यांनी शाडूचे लहान बैल वळावेत. यंदा किल्ल्याच्या वाटेवर पाच-सहा जोड्या, चार गोण्या आणि एक हाकणारा ठेवा. आणि जे वडगावची लढाई मांडणार असतील त्यांनी शिपायांच्या आधी बैल रंगवायला घ्यावेत.