पहिली आगबोट

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदींसमवेत सिंधिया कंपनी स्थापून ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेतली. ५ एप्रिल रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हाचा आनंद काय वर्णावा! स्वदेशी जहाजाचे स्वप्न साकारले होते. परंतु बोट जुनी, १८९१ सालची. समोर बलाढ्य विदेशी कंपन्यांची दरकपात. १९२३ साली ती मोडीत निघाली. शेठजी मात्र खचले नाहीत. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना उभारला आणि १९४८ साली तेथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

मालमत्तेचे मूल्य दरवर्षी घसाऱ्याने घटते. जिद्दीला घसारा लागत नाही. व्यापारी घराण्यांनी एवढे खातेवहीत टिपून ठेवावे.