खांदा एकदा निखळला, तर…

मैत्रिणींनो, गणपती उठले की आपल्याकडे शालेय सामन्यांची धांदल सुरू होते. धुळ्याचे गरुड मैदान असो नाहीतर जळगावचे सागर पार्क, खेळणाऱ्या मुलामुलींत आपल्या घरचे कुणीतरी असतेच. गुडघा फुटला, कोपर खरचटले, तर आपण हळद दाबून मोकळ्या होतो. पण खांदा निखळला तर? ‘बसवला ना जागेवर, झाले तर मग,’ असे म्हणून चालत नाही बरं का! पुढे ऑपरेशन लागणार की नाही, हे पुष्कळदा त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत आपण काय करतो यावर अवलंबून असते.

आधी खांद्याची रचना समजून घेऊ या. उथळ बशीत मोठे लिंबू ठेवावे, तसे दंडाच्या हाडाचे डोके खोबणीत टेकलेले असते. म्हणून तर आपला हात चहूकडे फिरतो, वेणी घालता येते, फळीवरचा डबा काढता येतो. बशीला कूर्चेचा एक काठ असतो. खांदा पुढे निसटला, की बहुधा हा काठ फाटतो. हाड जागेवर बसते, दुखणे थांबते. पण काठ पूर्वीसारखा जुळून येतोच असे नाही.

मग धोका कुणाला जास्त? पहिली गोष्ट वयाची. विशीच्या आत खांदा निखळला, तर तो पुन्हा निखळण्याचा संभव सर्वांत जास्त. आपल्याला वाटते, कोवळे हाड लवकर भरून येईल. इथे नेमके उलटे आहे. दुसरी गोष्ट खेळाची. कबड्डी आणि कुस्तीत हात धरून ओढला जातो, पिळला जातो. व्हॉलीबॉल आणि क्रिकेटमध्ये हात डोक्यावरून पुन:पुन्हा फिरतो. तिसरी, सांध्यांचा सैलपणा. काही मुलींचा अंगठा वाकवला की सहज हाताला टेकतो, कोपर उलटे वाकते. आपण कौतुक करतो, पण अशांच्या खांद्याला जास्त जपावे लागते. आणि चौथी गोष्ट, खांदा कितीदा निखळला ती. दर खेपेला खोबणीची कड झिजते, हाडाच्या डोक्याला खोच पडते. सुरुवातीला दुर्बिणीतून काठ शिवून भागते; हाड फार झिजले, तर जवळच्याच हाडाचा तुकडा काढून तिथे बसवावा लागतो.

मी शिकवते त्या शाळेत नववीतल्या एका मुलीचा खांदा कबड्डीत निखळला. पंधरा दिवसांत दुखणे थांबले, जिल्ह्याची निवड तोंडावर होती, पोरगी मैदानात उतरली. दुसऱ्यांदा निखळला, तेव्हा तिने घरी सांगितलेच नाही. आई खेळ बंद करील ही भीती! तिसऱ्यांदा तो झोपेत कूस बदलताना निसटला. शेवटी ऑपरेशन झाले. आईला वाईट कशाचे वाटले, तर मुलीने लपवले याचे.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकत नाही. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध खेळताना आपल्या मुंबईच्या श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला सूर मारला आणि डावा खांदा निसटला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि तो आयपीएलमध्ये परतला तो थेट सप्टेंबरात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. म्हणजे ऑपरेशन झाले की खेळ संपला, असे मुळीच नाही. पण दिमतीला डॉक्टर आणि व्यायामतज्ज्ञ असूनही त्याला पाच महिने थांबावे लागले, हेही ध्यानात घ्या.

खांदा न निखळताही झिजतो. सचिन तेंडुलकरवर मार्च २००६ मध्ये लंडनला खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो सोळा वर्षांहून अधिक काळ आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत होता. मुलगा सकाळी शिबिरात आणि संध्याकाळी गल्लीत गोलंदाजी करीत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, फेक मंदावली असेल, तर त्याला विश्रांतीची गरज आहे. तेल चोळून ते थांबणार नाही.

आता घरी काय करायचे ते पाहू. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीच्या झोळीत अडकवा. टॉवेलात बर्फ गुंडाळून शेका. मालीश नको, आणि हात ओढून बसवणाऱ्याकडे तर नकोच. हाड मोडलेले असेल, शीर दुखावली असेल, तर इजा वाढते. बोटे बधिर किंवा गार पडली असतील तर क्षणाचाही उशीर नको. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत चहा-बिस्किटे देऊ नका. धुळ्याचे आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे अस्थिरोग विभाग आहे.

हाड बसल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा दोन-तीन आठवडे, झोळी; मग व्यायाम. हे व्यायाम कंटाळवाणे असतात, आणि मुले तेच टाळतात. पोळ्या लाटताना समोर बसवून करून घ्या. दोन्ही हातांची ताकद सारखी झाली आणि हात डोक्यावर नेताना भीती वाटेनाशी झाली, की मगच मैदान; तेही डॉक्टरांना विचारून. मूल विशीच्या आतले आणि खेळ झटापटीचा असेल, तर पहिल्याच वेळी विचारा, ‘एमआरआय करायचा का? ऑपरेशनचा विचार आत्ताच करावा का?’ असे विचारण्यात आगाऊपणा नाही.

आणि मुलीला एवढे नक्की सांगा, ‘दुखले तर मला सांग, मी तुझा खेळ बंद करणार नाही.’ हा विश्वास असला, तर दुसरी दुखापत लपवली जाणार नाही.