चौऱ्याऐंशी वर्षांची चाकरी

राजेमहाराजांना नेणाऱ्या भव्य प्रवासी जहाजांची नावे इतिहास जपतो. धान्याची पोती आणि कोळसा वाहणाऱ्या आगबोटींची नावे मात्र त्यांच्या मालकांच्या वहीखात्यांतच राहतात. ‘रॉबिन’ या छोट्या आगबोटीची गोष्ट त्यास अपवाद ठरली.

सन 1890 मध्ये लंडन येथे ‘रॉबिन’ आणि ‘रूक’ या जुळ्या मालवाहू आगबोटी बांधण्यात आल्या. दोन्ही नावे पक्ष्यांची. ‘रॉबिन’ची लांबी अवघी 143 फूट होती. तिचा सांगाडा लंडनला तयार झाला. इंजिन व बॉयलर बसवण्यासाठी तिला दुसऱ्या बोटीने ओढत स्कॉटलंडमधील डंडी बंदरात नेण्यात आले. हे इंजिन त्या काळाच्या काटकसरीचा उत्तम नमुना होते. एकच वाफ चढत्या आकाराच्या तीन नळकांड्यांतून क्रमाने जाई आणि प्रत्येक ठिकाणी काम करी. त्यामुळे कोळसा कमी लागे, आणि वाचलेल्या जागेत अधिक माल मावे. ब्रिटनच्या किनाऱ्याने बंदरोबंदरी माल पोहोचवण्याचे काम तिने दहा वर्षे केले.

सन 1900 मध्ये स्पेनमधील बिल्बाओच्या एका पेढीने ती विकत घेतली. नाव बदलून ‘मारिया’ झाले. काम मात्र तेच राहिले.

सन 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ईशान्य फ्रान्समधील लोखंडाच्या खाणींचा मोठा प्रदेश जर्मनीच्या हाती गेल्याने फ्रान्सला स्पेनच्या लोखंडाची निकड भासू लागली. तटस्थ स्पेनच्या जहाजमालकांना या काळात अफाट नफा झाला. पण त्या नफ्याची जोखीम वाहिली ती खलाशांनी. जर्मन पाणबुड्यांनी तटस्थ देशाची जहाजेही सोडली नाहीत. ‘मारिया’ने सांतांदेरहून बायोन व बोर्दो बंदरांपर्यंत फ्रेंच सरकारसाठी लोखंड वाहिले. सोबतीला संरक्षणासाठी विनाशिका असत. नफ्याचा आकडा वहीत चढतो. इंजिनघरात कोळसा घालणाऱ्याच्या मनातील धास्तीला मात्र कोणत्याही वहीत रकाना नसतो.

पुढे 1936 ते 1939 या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले, आणि ते संपते न संपते तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. स्पेन याही वेळी युद्धात उतरला नाही. परंतु देश कंगाल झाला होता. नवी जहाजे बांधण्याची ऐपत नसल्याने जुन्याच आगबोटी डागडुजी करून चालवाव्या लागल्या. ब्रिटनमध्ये ‘रॉबिन’सारख्या असंख्य बोटी जुन्या ठरून मोडीत निघाल्या, स्पेनमध्ये मात्र टंचाईनेच ‘मारिया’ला वाचवले. तिचे मूळ इंजिनही कोणी बदलले नाही.

सन 1974 मध्ये तीही मोडीत निघण्याच्या बेतात असताना ब्रिटनमधील सागरी वारसा जपणाऱ्या एका न्यासाने तिला विकत घेतले. चौऱ्याऐंशी वर्षांनी ती लंडनला परतली. दुरुस्ती होऊन तिला ‘रॉबिन’ हे मूळ नावही पुन्हा मिळाले. त्या काळच्या किनारी मालवाहू आगबोटींपैकी पूर्ण स्वरूपात उरलेली ती एकमेव मानली जाते.

तरीही तिची कसोटी संपली नव्हती. जहाज जपणे म्हणजे गंजाशी कायमचे युद्ध. खर्च पेलणारा नवा धनी शोधण्यात अनेक वर्षे गेली, आणि अखेर 2002 मध्ये ती केवळ एका पौंडाला विकली गेली. पुढे तिचा तळ इतका जीर्ण आढळला की, तिला पाण्यातून उचलून एका तराफ्यावर ठेवावे लागले.

व्यापाऱ्याच्या हिशेबात यंत्राचे मूल्य दरवर्षी घटत जाते आणि शेवटी शून्याला टेकते. तो हिशेब चुकीचा नाही. पण दोन महायुद्धांत अन्न, इंधन आणि लोखंड ज्यांनी वाहिले, त्या हजारो नावगाव नसलेल्या बोटींची आणि त्यांवरील खलाशांची साक्ष देणारी ही एकच बोट उरली आहे. तिची किंमत एक पौंड झाली. तिचे मोल मात्र कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही.