काळं करा, पण सांगून विका

लाकूड काळं करून त्याला आबनुसाचं रूप देणं म्हणजे लबाडी, असं आमच्या सुतारकामात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. आबनूस दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला; झाड वाढतं अगदी सावकाश आणि काळा असतो तो फक्त गाभा. मादागास्करच्या आबनुसाच्या व्यापारावर तर 2013पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. मग पेटीच्या काळ्या पट्ट्यांसाठी ते झाड कशाला पाडायचं?

मी व्हिनेगरमध्ये गंजके खिळे मुरवतो. बाभळीच्या फळीवर आधी हिरड्याचा काढा, तो वाळला की हे खिळ्यांचं पाणी. बघता बघता फळी करडी, मग निळसर आणि शेवटी काळीभोर होते. टॅनिन आणि लोखंड यांची ही करामत. वर रंगाचा थर बसत नाही, त्यामुळे लाकडाच्या रेषा दिसत राहतात. मात्र हा काळेपणा खोल नसतो. कोपऱ्यावर जोरात पॉलिश पेपर फिरवला की आतली तांबूस बाभूळ डोकावते.

म्हणून बिलावरच लिहून द्यावं: ‘बाभूळ, काळी केलेली’. आबनुसाचा दर लावून गप्प बसणारा दुकानदार लबाड. त्यात लाकडाचा काय दोष?