मेलेला कोड कुणाला छळतो?

आमच्याकडे नव्यानं रुजू झालेली एक मुलगी गेल्या आठवड्यात दोन दिवस एकाच प्रोसिजरशी झुंजत होती. व्याज आकारणीच्या चारशे ओळी. "सर, या सवलतीच्या स्लॅबचा हिशोबच लागत नाही," म्हणाली. शेजारी बसून वरपासून वाचत गेलो. साठाव्या ओळीवर कुणीतरी 'रिटर्न' लिहून ठेवलं होतं, कसलीही अट न घालता. स्लॅबचा सगळा हिशोब त्याच्या खाली. तो चालतच नव्हता.

ओरॅकलच्या कंपाइलरला हे कळतं. वॉर्निंग चालू केल्या, तर 'पीएलडब्ल्यू-०६००२' हा इशारा देऊन तो असा कोड दाखवतो. पण या वॉर्निंग मुळात बंदच असतात. शिवाय कंपाइलरनं मेलेला कोड गाळला, तरी तो स्वतःच्या प्रतीतून. आपल्यापुढच्या मजकुरात तो तसाच राहतो. त्याचं ओझं यंत्रावर नाही, वाचणाऱ्या माणसावर पडतं. म्हणून तो काढायचाही माणसानंच.

"असू दे, खायला मागतोय का?" हे मी पुष्कळदा ऐकलंय. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीकडे 'पॉवर पेग' नावाचा कोड असाच पडून होता. त्याचा वापर २००३मध्येच थांबला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नव्या कामासाठी त्याचाच जुना फ्लॅग वापरला गेला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि तिथे पॉवर पेग जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

तरीही दिसला की उडवला, असं करू नका. डिपेन्डन्सीच्या व्ह्यूमध्ये 'एक्झिक्युट इमीजिएट'नं मारलेली हाक दिसत नाही. ३१ मार्चला एकदाच चालणारी प्रोसिजर एरवी वर्षभर मेल्यासारखीच भासते. संशय असेल तिथे पहिल्याच ओळीत लॉग टेबलात नोंद टाका. ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शननं टाका, म्हणजे रोलबॅक झाला तरी ती टिकेल. एक मार्चअखेर जाऊ द्या. नोंद आली नाही आणि संबंधित विभागानंही दुजोरा दिला, तर कॉमेंट करून ठेवू नका, काढूनच टाका. जुनं गिटमध्ये सापडतं.

त्या मुलीला मार्चची वाट पाहावी लागली नाही. सवलत बंद झाल्याचं लेखा विभागानं सांगितलं. शेवटचा एक्सेप्शनचा भाग ठेवून 'रिटर्न'खालचं सगळं तिनं स्वतःच्या हातानं काढलं. उरलेली प्रोसिजर मग दहा मिनिटांत तिनंच मला समजावून सांगितली.