घराची वाटणी आणि घरांतील उजेड-वारा

अलीकडे आमच्या भागांत उसाचें बिल हातीं आलें किंवा रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला मिळाला, कीं शेतकरी प्रथम जुनें घर पाडावयास काढतो. जुन्या घरांत अंधार असतो, विंचू निघतात, भिंती दरवर्षीं लिंपाव्या लागतात, हें सर्व खरें आहे. व नवें घर बांधूंच नये असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जागेच्या चारही कडांपर्यंत स्लॅब ओतून, मध्यें एक बोळ व दोन्ही अंगांस खोल्या, अशा धर्तीचें जें घर आज गांवोगांव उभें राहत आहे, तें सोलापूर, धाराशिव, बीड यांसारख्या कोरड्या व तापणाऱ्या मुलुखास मुळींच योग्य नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. कैक लाख रुपये घालून बांधलेल्या घरांत मे महिन्यांत दुपारीं बसवत नाहीं, आणि भर दिवसां विजेचा दिवा लावावा लागतो, याला सुधारणा कशी म्हणावी?

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वाटण्या व पंचनामे यांच्या निमित्तानें आम्हांस पुष्कळ घरें आंतून पाहावयास मिळालीं. त्यावरून आमची अशी समजूत झाली आहे कीं, घराचा उजेड जातो तो बहुधा गवंड्याच्या हातून नव्हे, तर वाटणीच्या दोरीखालीं. पन्नास फूट रुंदीचा वाडा तिघां भावांत लांबीनें चिरला, म्हणजे प्रत्येकास सुमारें सतरा फुटांची पट्टी येते. मधल्या भावाच्या दोन्ही बाजूंस आंधळ्या भिंती. चौकाचेही तीन तुकडे होतात; कोणी आपल्या तुकड्यावर पत्रा टाकतो, कोणी न्हाणी बांधतो, आणि पुढें सर्वांवरच स्लॅब पडतो. मग मधल्या घरची सून ज्या खोलींत चूल पेटविते, तेथें धूर जाण्यास वाट नसते व भाकरी करपली कीं नाहीं हें दिव्याशिवाय दिसत नाहीं.

पूर्वींच्या लोकांनीं चौक शोभेसाठीं ठेविला नव्हता. रात्रीं चौकाची जमीन उघड्या आकाशाखालीं लवकर निवते. गार हवा जड, म्हणून ती चौकांत सांठते व भोंवतालच्या सोप्यांत शिरते. दिवसां सोप्याला उजेड मिळतो, ऊन मिळत नाहीं. धाब्याच्या घरांत हेंच काम लहान प्रमाणावर छपराचें साणें करी. उजेड आंत, धूर बाहेर.

येथें कोणी किल्लारीची आठवण देईल. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या त्या भूकंपांत लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या व मातीचीं धाबीं निजलेल्यांच्या अंगावर आलीं. तेव्हांपासून लोकांनीं मातीच्या घराची धास्ती घेतली, ती रास्तच आहे. पण माणसें मेलीं तीं न बांधलेल्या भिंतींच्या व धाब्याच्या ओझ्याखालीं. चौकामुळें किंवा साण्यामुळें कोणी मेलें नाहीं. ओझें टाकून द्यावें, उजेड कां टाकावा?

आतां सूर्याचा विचार. आमच्या मुलुखावर मेच्या मध्यास सूर्य भर दोनप्रहरीं डोक्यावर येतो. डिसेंबरांत तोच दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवर राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असल्यास उन्हाळ्यांत दुपारचें ऊन अडतें आणि हिंवाळ्यांत हवें तेवढें आंत येतें. पश्चिमेकडे मात्र छज्जाची मात्रा चालत नाहीं. कललेलें ऊन त्याच्याखालून सरळ आंत घुसतें. तिकडे जिना, न्हाणी, धान्याची खोली घालावी. संध्याकाळचा वारा त्याच अंगानें येतो, यास्तव फळ्यांच्या झडपेची एखादी लहान खिडकी ठेवावी व ती दिवस मावळल्यावर उघडावी. एकंदरीनें एप्रिल-मेमध्यें दिवसां खिडक्या लावून घेणें व रात्रीं सर्व उघडणें हाच नियम. आम्ही मात्र उलट करितों, आणि मग पंख्यास दोष देतों. चोराची भीति असेल तर गज आहेत, डासांना जाळी आहे.

स्लॅब करावयाचाच, तर त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावे. तें न परवडल्यास दर फाल्गुनांत चुना फासावा. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरेंचसें ऊन परत फिरतें, उघडें काळवंडलेलें काँक्रीट तें पिऊन संध्याकाळीं खालीं सोडतें. केरळांत काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) स्लॅबच्या खालच्या भागांत, सळयांच्या मधल्या जागेंत, मंगळुरी कौलें बसवीत. तेथील काँक्रीट भार सोसण्यास फारसें उपयोगी नसतें. त्यानें सिमेंट वांचतें, वजन घटतें व उष्णताही कांहींशी अडते. सळयांची मांडणी मात्र जाणत्याकडूनच करून घ्यावी. हा केवळ गवंड्याच्या अंदाजाचा विषय नव्हे.

पण हें सर्व नंतरचें. भावाभावांचें वाटणीपत्र लिहिलें जात असतांनाच चौक सामाईक ठेवावा, व त्यावर कोणींही बांधकाम करूं नये, आणि त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या बुजवूं नयेत, असें एक कलम घालून घ्यावें. सन १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणें खिडकीस वीस वर्षें बिनहरकत उजेड-वारा मिळत आला तर तो हक्क ठरूं शकतो, हें खरें; पण वीस वर्षांची वहिवाट कोर्टांत शाबीत करण्यापेक्षां पहिल्याच दिवशीं एक ओळ लिहिणें स्वस्त पडतें. दस्तावर सह्या करतांना शेतांतील विहिरीच्या पाळ्या आम्ही तासांत मोजून लिहून घेतों. त्याच कागदावर चौकाची लांबी-रुंदीही फुटांत लिहावी, व सोबतच्या नकाशांत तो रेघांनीं दाखवावा.